साताऱ्याचा किल्ला, नागपूरचा वाडा

लेखांक सहावा

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात वारले. त्यांच्या मागे मुलगा नव्हता. ताराबाईंनी रामराजाला आपला नातू म्हणून पुढे केलं आणि महिनाभरात तो गादीवर बसलाही. नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांना मात्र ते सहजासहजी पटेना. त्यांनी अट घातली की ताराबाईंनी भाऊबंदांच्या देखत रामराजाबरोबर एका पंगतीत जेवावं आणि त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपलाच नातू असल्याचं सांगावं. ताराबाई जेवल्या, शपथ घेतली, रघूजींचं समाधान झालं. पुढे १४ सप्टेंबर १७५२ रोजी याच ताराबाईंनी जेजुरीच्या खंडोबासमोर दुसरी शपथ घेतली, की रामराजा आपला नातू नाही.

या दोन शपथांच्या मधल्या काळात मराठी राज्यातल्या दोन विधवांनी हातमिळवणी केली आणि पेशव्यांना घाम फोडला. आपल्या लेखमालेतल्या बायकांच्या राजकीय सख्याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं नाही, म्हणून आज तिथे जरा थांबू.

दुसरी विधवा म्हणजे तळेगावच्या उमाबाई दाभाडे. नवरा सेनापती खंडेराव १७२९ साली गेला. थोरला मुलगा त्रिंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभोईच्या लढाईत पडला. ही लढाई परक्या शत्रूशी नव्हती, समोर थोरले बाजीराव होते. शाहू महाराज स्वतः तळेगावला जाऊन उमाबाईंची समजूत घालून आले, धाकट्या यशवंतरावाला सेनापतिपद दिलं, आणि कारभार उमाबाईंच्या हाती राहिला. गुजरातेत दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांचा खून झाल्यावर ही बाई फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेली. त्या पराक्रमाबद्दल शाहूंनी तिला सोन्याचे तोडे दिले, असं सांगतात. पुरुष सरदाराच्या पायात तोडा चढायचा तो मान बाईला मिळाला.

शाहू गेले आणि हे छत्र सरलं. नानासाहेब पेशव्यांनी दाभाड्यांकडे गुजरातचा निम्मा वसूल मागितला. वसूल वाटून घेण्याचा, पेशव्यांनी बळजबरीने लिहून घेतलेला करार आपल्याला बांधत नाही, असं उमाबाईंचं म्हणणं. नोव्हेंबर १७५० मध्ये आळंदीला त्या स्वतः पेशव्यांना भेटल्या. सूट मिळाली नाही. त्याआधी ऑक्टोबरात शंभुमहादेवाच्या देवळात ताराबाई आणि उमाबाई यांची गाठ पडली होती. ताराबाई तेव्हा पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. पंचविसाव्या वर्षी वैधव्य आल्यावर सात वर्षं औरंगजेबाशी झुंजलेली, नंतर सवत राजसबाईच्या पक्षाने १७१४ साली पन्हाळ्यावर कैदेत टाकलेली ही बाई. तिच्यापुढे बसलेल्या उमाबाईंनी नवरा आणि तरणा मुलगा गमावला होता.

देवळातलं बोलणं कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्यानंतर काय झालं ते स्पष्ट आहे. पेशवे निजामाच्या मुलखाकडे गेलेले पाहून २४ नोव्हेंबर १७५० रोजी ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. उमाबाईंनी दमाजी गायकवाडांना पंधरा हजार फौजेनिशी साताऱ्याकडे रवाना केलं. मार्च १७५१ मध्ये निंबजवळ दमाजींनी पेशव्यांच्या बाजूच्या त्रिंबकराव पुरंदऱ्यांना हरवलं आणि साताऱ्याला जाऊन ताराबाईंची भेट घेतली. आठवडाभरातच वेण्णेच्या काठी पारडं फिरलं. पेशवे दौडत परत आले, मे महिन्यात दमाजी कैदेत पडले, पाठोपाठ दाभाडे कुटुंब धरलं गेलं आणि लोहगड त्यांच्या नशिबी आला.

आपल्याकडे हा सगळा प्रसंग म्हातारीचं कारस्थान म्हणून सांगून संपवतात. मला तो अन्याय वाटतो. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांनी एकमेकांना वचनं दिली आणि फिरवली की आपण तिथे डावपेच शोधतो. या दोघींनीही तेच केलं, आणि त्यांच्याकडे साधनं किती कमी होती ते पाहा. ताराबाईंच्या हाती एक किल्ला आणि एक राजा. उमाबाईंकडे फौज, पण ती दुसऱ्याच्या घोड्यावरची. दमाजी धरले गेले तेव्हा उमाबाईंच्या हातात काहीच उरलं नाही. ताराबाईंचा किल्ला मात्र शाबूत होता, म्हणून पेशव्यांना त्यांच्याशी बोलावं लागलं. दमाजींनी निम्मा गुजरात कबूल करून सुटका करून घेतली. उमाबाई १७५३ साली पुण्यात वारल्या. ताराबाई १७६१ पर्यंत जगल्या. दुःख दोघींचं सारखं होतं, पण सौदा करण्याची ताकद सारखी नव्हती, आणि हे सख्य नेमकं तिथे तुटलं.

त्या काळात बाईची सत्ता कशावर चाले हे समजलं की पुढचं सोपं होतं. गादी, सेनापतीची वस्त्रं, शिक्का हे सगळं पुरुषाच्या नावाने. बाई राज्य करी ती मुलगा, नातू किंवा दत्तकाच्या नावाने. त्यामुळे तिची पहिली लढाई रणांगणावर नसे, तर मांडीवर कोण बसणार यावर असे. जावा-सवतींत वैर पेटलं ते याच प्रश्नावरून, आणि सासू-सुनांचं एकमत झालं तेही याच प्रश्नावरून. पण जावांमध्ये याउलट उदाहरणही आहे. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर येसूबाईंनी आपल्या लहानग्या शाहूचा हक्क बाजूला ठेवला आणि ताराबाईंचे पती राजाराम यांना रायगडावरून सुखरूप निसटू दिलं. स्वतः मुलासह मागे राहून मोगलांच्या कैदेत गेल्या त्या १७१९ पर्यंत.

दरबाराबाहेर बायकांच्या सख्याला वेगळी जागा मिळाली ती पंथांमध्ये. सज्जनगड साताऱ्याजवळच आहे. तिथे समर्थांच्या शिष्या वेणाबाई आणि अक्काबाई या दोघींच्या समाध्या आहेत. दोघीही विधवा. वेणाबाईंनी ‘सीतास्वयंवर’ लिहिलं, मिरजेचा मठ सांभाळला. अक्काबाईंनी समर्थांच्या मागे गडावरचा कारभार पाहिला. इथे दत्तकाचा प्रश्नच नव्हता. गुरूचं नाव पुरेसं होतं. म्हणून या दोघींच्या वाट्याला लेखणी आणि अधिकार दोन्ही आले, असं मला वाटतं.

आता नागपूर.

रघूजी भोसल्यांचं साताऱ्याशी नातं जुळलं तेही बायकांमार्फत. शाहूंच्या राणीच्या माहेरची, शिर्क्यांची मुलगी त्यांच्या घरात होती. १७७२ साली जानोजी वारल्यावर त्यांच्या विधवा दर्याबाईंनी गादीच्या भांडणात दीर साबाजींची बाजू घेतली. त्या भांडणाचा निकाल १७७५ साली पाचगावच्या लढाईत साबाजींच्या मृत्यूने लागला. पण नागपूरकरांच्या तोंडी जी राहिली ती दुसऱ्या रघूजींची राणी बाकाबाई.

दुसरे रघूजी १८१६ साली गेले. मुलगा परसोजी आंधळा आणि दुबळा. बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांच्या पक्षाला परसोजींच्या नावाने कारभार हवा होता. परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांनी तो डाव मोडला, स्वतः कारभारी झाले आणि मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत सापडले. त्यांचा गळा आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून आवळला गेला असं पुढे उघड झालं. नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली आणि पुढे आप्पासाहेब पदच्युत झाले. १८१८ साली दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा परसोजींच्या विधवेला दत्तक देऊन गादीवर बसवला गेला, तोच तिसरा रघूजी. मुलाची देखरेख बाकाबाईंकडे, कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की नवऱ्यामागे विधवेने घेतलेला दत्तक, तोही मुलीचा मुलगा, कंपनीने इथे बिनतक्रार मान्य केला.

तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. आता तोच दत्तक कंपनीला चालेना. राजाने हयातीत दत्तक घेतला नाही, हा डलहौसीचा मुख्य आधार. १८५४ साली राज्य खालसा झालं. वाड्यात तेव्हा अन्नपूर्णाबाई, दर्याबाई (जानोजींच्या नव्हे) आणि इतर राण्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर वयोवृद्ध बाकाबाई. अहिररावांच्या यशवंतरावाला दत्तक मानावं यासाठी या बायकांनी कलकत्त्याला अर्ज केले, लंडनपर्यंत वकील धाडले. उत्तर लिलावाने आलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकले गेले. दागिने कलकत्त्याला नेऊन हॅमिल्टन कंपनीमार्फत बाजारात काढले. इंग्रज इतिहासकार के यानेच लिहून ठेवलंय की सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, असं म्हाताऱ्या बाकाबाईंनी बजावलं होतं. सामान हललंच.

आणि याच बाकाबाईला नागपूर पोळ्याच्या पाडव्याला जाळतं, असं सांगितलं जातं. काळी मारबत नावाचा तो पुतळा म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली बाकाबाई, ही आख्यायिका शहरात लहान मुलालाही ठाऊक आहे. १८८१ पासून ही मिरवणूक निघते. मारबतीची परंपरा मला प्रिय आहे. रोगराई आणि लबाडी गावाबाहेर घालवणारा हा सण चालूच राहावा. पण बाकाबाईंवरचा आरोप तपासून घेतला पाहिजे. १८१७ साली त्या आप्पासाहेबांविरुद्ध होत्या हे खरं. ज्याच्यावर घरातल्या राजाच्या खुनाचा आळ होता त्याच्या पाठीशी त्यांनी उभं राहायला हवं होतं काय? १८५७ साली त्यांनी आपल्या माणसांना उठावापासून दूर ठेवलं हेही खरं. दत्तकाचा अर्ज तेव्हा इंग्रजांच्या टेबलावर पडून होता. सुनांचं, नातसुनांचं सगळं भवितव्य त्या कागदात होतं. त्यांचा निर्णय मला पटतो असं नाही. त्या जूनमध्ये टाकळीच्या घोडदळाच्या स्वारांनी उठावासाठी जीव धोक्यात घातला तेव्हा वाडा गप्प राहिला, याचं वाईटच वाटतं. पण ज्यांनी तह केला, ज्यांनी राज्य घेतलं, त्यांच्यापैकी कुणाचा पुतळा जळत नाही, एका विधवेचा जळतो, हा हिशेब मला मान्य नाही.

महालातला जुना राजवाडा १८६४ साली आगीत गेला, नगारखाना तेवढा उरला. अन्नपूर्णाबाई १८५५ साली वारल्या, बाकाबाई १८५८ साली. त्यानंतर तीन वर्षांनी, १८६१ मध्ये, लॉर्ड कॅनिंगने त्यांचा दत्तक यशवंतराव जानोजी या नावाने मान्य केला आणि त्याला पदवी दिली ती नागपूरची नव्हे, तर सातारा जिल्ह्यातल्या एका गावाची: राजे बहादूर देऊर.