कृत्रिम अवयव घडविणाऱ्यांची विद्या

बारावीचा निकाल हाती पडला की आपल्याकडील पालक मुलाचे भवितव्य वैद्यक आणि अभियांत्रिकी या दोनच दप्तरांत नोंदवू पाहतात. आणि जिच्यात शरीररचनेचे ज्ञान, पदार्थाचे बळ ओळखणारी दृष्टी व हाताचे कसब ही तिन्ही सारख्याच प्रमाणात लागतात, त्या दिव्यांगांच्या सहायक साधनांच्या विद्येची त्यांना बहुधा वार्ताही नसते. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लक्ष भरली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे चष्म्यापासून चाकांच्या खुर्चीपर्यंत एखादे तरी साधन लागणारी माणसे जगात २५० कोटींहून अधिक असून, त्यांपैकी जवळजवळ १०० कोटी त्यापासून वंचित आहेत. पैशाची अडचण यात आहेच. परंतु दानशूरांनी साधन फुकट वाटले, तरी ते ज्याच्या त्याच्या देहास बेतून देणारा आणि पुढे त्याची देखभाल करणारा जाणकार जवळपास नसेल, तर ते माळ्यावर धूळ खात पडते.

महाराष्ट्रास ही विद्या नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी पुण्यास १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले; पुढे १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीनजीक अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. महाराष्ट्राबाहेर, १९६८ च्या सुमारास, जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून रबराचे असे पाऊल घडविले की, ते लावून माणूस अनवाणी चालू शकतो, उकिडवा बसू शकतो आणि शेतातल्या चिखलातही उतरू शकतो. शल्यविशारदाची शरीरविद्या व कारागिराची हातोटी यांचा तो संयोग होता. आजचा अभ्यासक्रम हे दोन्ही गुण एकाच विद्यार्थ्याच्या ठायी आणू पाहतो.

विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांसाठी असलेली प्रॉस्थेटिक्स व ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव व आधार-साधने, या विषयाची पदवी चार वर्षांची असून, त्यावर सहा महिन्यांची उमेदवारी करावी लागते. हाजी अलीच्या संस्थेत हे शिक्षण मिळते. गुडघ्याखाली पाय गमावलेल्या माणसासाठी कृत्रिम पाय करावयाचा झाला, तर विद्यार्थी प्रथम पायाच्या उरलेल्या भागावर ओला मोजा चढवून हाडांचे उंचवटे पेन्सिलीने आखतो, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतो, आणि त्या पोकळ साच्यात प्लास्टर ओतून पायाची भरीव प्रतिकृती काढतो. खरी परीक्षा पुढेच. गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुबंध भार सोसू शकतो, म्हणून तेथील प्लास्टर खरवडावयाचे. नडगीची धार व बाहेरच्या बाजूचे हाडाचे टेंगूळ भार सोसत नाहीत, म्हणून तेथे प्लास्टरची भर घालावयाची. या प्रतिकृतीवर भट्टीत मऊ केलेला पॉलिप्रोपिलीनचा पत्रा ओढून सॉकेट, म्हणजे पाय बसविण्याची खोबण, करतात, त्यास नळी व पाऊल जोडतात, आणि मग दोन समांतर दांड्यांमध्ये त्या माणसास चालवून पाऊल किंचित आत-बाहेर फिरवीत तोल साधतात. खरवडण्यात यत्किंचित चूक झाली, तर तिची शिक्षा ते सॉकेट घालणाऱ्याच्या कातडीस भोगावी लागते.

याच विद्येच्या दुसऱ्या, म्हणजे वाचा-श्रवणाच्या, शाखेत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून काम करीत आहे. वाचा व श्रवण या विषयाची चार वर्षांची पदवी घेणारा ऑडिऑलॉजिस्ट श्रवणयंत्र त्या त्या कानाच्या उणिवेनुसार जुळवून देतो. अभियंत्यांना व अभिकल्पकांनाही या क्षेत्रात मोठा वाव आहे. दिल्लीच्या आयआयटीत सिद्ध झालेली स्मार्टकेन ही काठी गुडघ्याच्या वरच्या अंगाचा अडथळा ध्वनिलहरींनी ओळखून हाताला कंपनाने सूचना देते, तर मद्रास आयआयटीत पुनर्वसन-साधनांच्या संशोधनाचे स्वतंत्र केंद्रच आहे. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली मायकेल करन व जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोघा अंध तरुणांनी रचली; तिचे काम २००६ मध्ये सुरू झाले. ज्यांच्यासाठी साधन करावयाचे त्यांनाच त्यातील व्यंग प्रथम कळते. म्हणून संकेतस्थळे व अॅप सुगम आहेत की नाहीत हे तपासण्याच्या व्यवसायात अंध तज्ज्ञांचा शब्द विशेष मोलाचा ठरतो.

पदवीनंतर इस्पितळे, कानपूरचा अलिम्को हा सरकारी कारखाना, जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रे, खासगी कंपन्या किंवा स्वतःची कार्यशाळा असे अनेक मार्ग मोकळे होतात, आणि पदव्युत्तर शिक्षण घेतल्यास अध्यापन व संशोधनही. मात्र कायद्याची एक अट पक्की ध्यानात ठेवावी. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमानुसार परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल असल्याखेरीज पुनर्वसनाचा व्यवसाय करण्याची मुभा नाही. नियम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. तेव्हा मुलाचे नाव घालण्यापूर्वी पालकांनी इमारतीच्या भव्यतेवर न भाळता त्या अभ्यासक्रमास परिषदेची मान्यता चालू आहे की नाही याची खातरजमा करावी, संस्थेच्या कार्यशाळेत स्वतः जावे, आणि तेथील विद्यार्थ्यांचे हात प्लास्टरने माखलेले आहेत की केवळ वह्यांनी भरलेले, हे पाहूनच शुल्काची रक्कम मोजावी.