चटणीतली तार आणि नवा मेटल डिटेक्टर

ताईंनो, चटणीचं काम करणाऱ्यांना एक विचारते. मिरची निवडल्यापासून पाकीट बंद होईपर्यंत आपल्या मालाला लोखंड कुठंकुठं भेटतं? मोजून बघा. पोतं उसवताना मोडलेलं ब्लेडचं टोक. डंकाच्या मुसळाची झीज. पल्व्हरायझरचा ढिला नट. चाळणीची तुटकी तार. आणि आदल्या रात्री पातेली घासलेल्या तारेच्या घासणीचा केसाएवढा तुकडा.

हा शेवटचाच आमच्या पाकिटात गेला. मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला भाकरीबरोबर चटणी खाताना तो दाताखाली लागला. त्यांनी भांडण केलं नाही, नुसता फोटो पाठवला. त्या दिवसाची सगळी पाकिटं आम्ही परत मागवली आणि टाकून दिली. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ५४ खाली खाण्यात असं बाहेरचं काही सापडलं तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आणि मशीन होतं की आमच्याकडं! जुनं, एका बटणावर फिरवायचं. पण शाहूवाडीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. हवा ओली, त्यात मीठ-लसणाचा माल. प्रत्येक पाकिटाला मशीन ओरडायचं. ऑर्डर अडली, तेव्हा सगळ्यांनी मिळून बटण मागं फिरवलं. मशीन गप्प झालं, आम्हाला बरं वाटलं. त्याच गप्प मशीनमधून ती तार गेली.

आता नवं मशीन आलंय, डिजिटल पडद्याचं. ते शिकताना जे कळलं ते सांगते, कारण नुसतं चालू-बंद करता आलं म्हणजे मशीन आलं असं नाही.

मशीनच्या चौकोनी तोंडाभोवती आत तांब्याच्या तारेची तीन वेटोळी असतात. मधल्या वेटोळ्यातून सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारी वीज जाते आणि तिच्यामुळं भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बाजूची दोन वेटोळी ते सारखंच पकडतात, तराजूची दोन पारडी समान असावीत तशी. पट्ट्यावरून धातू आला की आधी एक पारडं हलतं, मग दुसरं. मशीन तेवढंच बघतं. ते आत डोकावून तार पाहत नाही.

गोची अशी की ओली, खारट चटणीसुद्धा थोडी वीज वाहून नेते. म्हणजे तीही पारडं हलवते. जुन्या मशीनला दोन्ही हलणं सारखंच वाटायचं. नव्याला माल ‘शिकवता’ येतो. स्वच्छ पाकीट त्यातून चार-सहा वेळा सोडायचं, की या मालाचं हलणं कसलं ते मशीन लक्षात ठेवतं आणि तेवढं सोडून देतं. पत्र्यावर पाऊस धो धो वाजत असतो, तरी पाळण्यातलं पोर कुरकुरलं की आपल्याला ऐकू येतंच ना? तसं.

शिकवायचं पाकीट मात्र खात्रीचंच हवं. त्यातच तार असली, तर मशीन त्या तारेलाही चटणीच समजून बसेल. पाकीट आजच्याच मालाचं, तेवढ्याच वजनाचं घ्या. गरम मालावर शिकवून गार माल सोडू नका. कांदा-लसूण चटणी, साधी मिरचीपूड, नाचणीचं पीठ, प्रत्येकाला वेगळा नंबर द्या. नाचणीच्या नंबरावर चटणी सोडली तर मशीन उगाच ओरडेल. उलटं केलं तर ओरडणार नाही, पण बारीक धातू सुटू शकतो. मला उलटंच जास्त भीतीचं वाटतं.

आता चाचणी. मशीनबरोबर तीन तुकडे येतात, प्रत्येकात एक बारीक गोळी. आमच्याकडं लोखंडाची दीड मिलिमीटरची, पितळेची दोनची आणि स्टीलची अडीचची. स्टीलची मोठी का? आपल्या चांगल्या स्टीलच्या भांड्याला चुंबक चिकटत नाही, आणि या मशीनलाही ते सगळ्यात अवघड जातं. तुकडा पाकिटाला लावून तोंडाच्या मधोमध जाईल असा सोडा. कडेला मशीन जास्त तिखट असतं आणि मध्ये सर्वांत मंद. कडेनं पास झालेली चाचणी म्हणजे स्वतःची फसवणूक.

ही चाचणी सकाळी, दर तासाला, माल बदलला की, लाइट जाऊन आली की आणि काम संपताना करायची. अकराला बरोबर वाजलं, बाराला नाही वाजलं, तर मधल्या तासाची सगळी पाकिटं पुन्हा फिरवायची. म्हणून पुढची चाचणी होईपर्यंत पाकिटं खोक्यात भरू नका. पायात येतात, जागा अडते, कबूल आहे.

टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली बंदुकीची गोळी अशाच यंत्रानं शोधायचा प्रयत्न केला होता. यंत्र भलतंच वाजत राहिलं. नंतर कळलं की गादीत पोलादी तारा होत्या! आपल्याकडं त्या जागी पाटल्या, बिल्वर, कात्री आणि ढिला लोखंडी स्टँड असतो. पाकीट अडकलं तर पट्टा थांबवा, पाटल्यांचा हात तोंडात घालू नका. चांदीसारखा चमकता पाऊच वापरत असाल, तर माल भरायच्या आधी तपासून घ्या.

काचेच्या बांगड्यांनी मशीन वाजत नाही, म्हणून आमच्यातल्या एकीला आनंद झाला. पण फुटलेल्या बांगडीचा तुकडा चटणीत पडला तरी ते वाजणार नाही. खडा, प्लास्टिक, केस यांनाही नाही. म्हणून कुटाईच्या खोलीत बांगड्या काढूनच जायचं. बारीक तार आडवी गेली तर सापडते आणि उभी गेली तर सुटते, असंही होतं. त्यामुळं आम्ही तारेची घासणी बंदच केली, आता काथ्या वापरतो.

वाजलेलं पाकीट पुन्हा फिरवून ‘गेलं बघा’ म्हणायचं नाही. ते कुलपाच्या डब्यात टाकायचं, संध्याकाळी फोडून चाळायचं आणि काय सापडलं ते वहीत लिहायचं. चाळणीची तार निघाली तर चाळणी बदलायची वेळ आली.

एक फजिती राहिली. दुसऱ्याच आठवड्यात चाचणीचं पाकीट चांगल्या मालात मिसळलं. अख्खा ढीग पुन्हा फिरवला, जवळपास शेवटाला ते सापडलं. आता त्या पाकिटाला लाल कापड शिवलंय.