उद्यानतळे, शीत प्रदेशांतील

घराच्या परसात किंवा बागेत शोभेसाठी तयार केलेला आणि जलीय वनस्पती व मासे ज्यात बाळगले जातात असा लहान, उथळ जलाशय म्हणजे उद्यानतळे होय. ज्या प्रदेशांत हिवाळ्यातील तापमान दीर्घकाळ ०° से.च्या खाली राहते, तेथे अशा तळ्याचा पृष्ठभाग कित्येक आठवडे, काही ठिकाणी तीन-चार महिनेही, गोठलेला असतो. कॅनडाचा बराचसा भाग, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मेन यांसारखी उत्तरेकडील राज्ये, स्कँडिनेव्हियन देश व पोलंड हे असे प्रदेश होत. मोठ्या व खोल सरोवरांतील जीवसृष्टी हा काळ सहसा विनासायास पार पाडते. उद्यानतळ्यात मात्र पाणी थोडे, खोली कमी आणि माशांची दाटी अधिक असल्यामुळे हिवाळा हा त्याच्या कसोटीचा काळ ठरतो. या काळात तळ्यातील प्राणी दगावतात ते बहुधा थंडीमुळे नव्हे, तर बर्फाखाली प्राणवायूच्या अभावी गुदमरून. आणि वनस्पती नष्ट होतात त्या त्यांचे कंद किंवा खोडे प्रत्यक्ष गोठल्यामुळे. तळ्याच्या हिवाळी निगेचे सर्व उपाय या दोन गोष्टी टाळण्यासाठीच योजलेले असतात.

पाण्याचे गुणधर्म : बहुतेक द्रव थंड होताना अधिकाधिक घन होत जातात. पाण्याची घनता मात्र सु. ४° से. तापमानास कमाल असते व त्याखाली ती पुन्हा कमी होऊ लागते. शरद ऋतूत पृष्ठभागावरील पाणी थंड झाले की जड होऊन खाली जाते आणि त्याची जागा खालचे उबदार पाणी घेते. सर्व पाणी ४° से.पर्यंत निवाले की ही उलथापालथ थांबते. त्यापुढे थंड होणारे पाणी हलके असल्यामुळे वरच राहते व तेथेच गोठते. बर्फाची घनता पाण्याच्या सु. ९२ टक्के असल्याने ते तरंगते, आणि त्याचा थर, विशेषतः त्यावर हिम साचल्यावर, खालच्या पाण्यातील उष्णता टिकवून धरतो. परिणामी बाहेर तापमान −२०° से. असतानाही पुरेशा खोल तळ्याच्या तळाशी सु. ४° से.चा पाण्याचा थर शिल्लक राहतो. मासे, बेडूक व वनस्पतींची मुळे यांचे हेच आश्रयस्थान होय. तळे उथळ असेल, तर बर्फ थेट तळापर्यंत पोहोचून हा थर नाहीसा होतो. म्हणून सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांत तळ्याचा निदान काही भाग ६० ते ७५ सेंमी. आणि कडक हिवाळ्याच्या प्रदेशांत ९० ते १२० सेंमी. खोल ठेवणे इष्ट मानतात.

बर्फाखालील प्राणवायू : थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. २०° से. तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतून सु. ९ मिग्रॅ. प्राणवायू विरघळू शकतो, तर ०° से.ला सु. १४·६ मिग्रॅ. त्यामुळे हिवाळ्याच्या आरंभी तळ्यात प्राणवायूचा साठा चांगला असतो. परंतु अखंड बर्फामुळे त्याची हवेतून होणारी भरपाई बंद पडते. बर्फावर हिमाचा जाड थर असल्यास प्रकाश आत शिरत नाही आणि जलीय वनस्पतींचे व शैवलांचे प्रकाशसंश्लेषण थांबते. तळाशी साचलेली पाने व गाळ मात्र कुजतच राहतात. या क्रियेत सूक्ष्मजीव उरलेला प्राणवायू वापरतात व कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडतात. प्राणवायू संपल्यावर गाळातून मिथेन व विषारी हायड्रोजन सल्फाइडही निर्माण होतात. बाहेर पडण्यास वाट नसल्याने हे वायू पाण्यातच कोंडतात. म्हणून तळ्यातील कुजणारा पालापाचोळा आधीच कमी करणे व बर्फात एक झरोका उघडा ठेवणे, हे निगेचे दोन मूलभूत नियम ठरले आहेत.

शरद ऋतूतील पूर्वतयारी : मॅपल, ओक, बर्च यांसारख्या पानझडी वृक्षांची पानगळ सुरू होण्यापूर्वी तळ्यावर बारीक जाळे ताणून बसवतात व पानगळ संपल्यावर ते साचलेल्या पानांसह काढून घेतात. तळाचा गाळ झारीने उपसतात, मात्र तो पूर्णपणे खरवडत नाहीत; कारण त्यात अनेक कीटकांच्या अळ्या व सुप्त वनस्पतिभाग हिवाळा काढतात. पिवळी पडलेली पाने व देठ छाटून तळ्याबाहेर टाकतात. पाणकणीस व बोरू यांसारख्या वनस्पतींची वाळलेली ताटे मात्र उभीच ठेवणे चांगले. ती आतून पोकळ किंवा सच्छिद्र असल्यामुळे बर्फाच्या थरातून वायूंची थोडीफार ये-जा होऊ देतात. यूरोपात कार्प माशांच्या तळ्यांवर बर्फात पाडलेल्या भोकात गवताच्या किंवा बोरूच्या पेंढ्या उभ्या रोवण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

वनस्पतींची निगा : थंडी सोसण्याच्या दृष्टीने तळ्यातील वनस्पतींचे दोन गट पडतात. समशीतोष्ण प्रदेशांतील काटक वनस्पती सुप्तावस्थेत जाऊन हिवाळा काढतात. उष्ण प्रदेशांतील वनस्पती गोठणबिंदूजवळच्या तापमानास मरतात व त्यांना घरात हलवावे लागते.

मराठीत सामान्यतः ‘कमळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतींत कुमुदिनी (निंफिया प्रजाती) आणि खरे कमळ (नेलंबो प्रजाती) या दोन भिन्न वनस्पतींचा समावेश होतो. यूरोपातील पांढरी कुमुदिनी (निंफिया आल्बा) व उत्तर अमेरिकेतील सुगंधी कुमुदिनी (निंफिया ओडोरॅटा) या काटक जाती आहेत. झोझेफ बोरी लातूर-मार्लियाक (१८३०–१९११) या फ्रेंच उद्यानतज्ज्ञाने दक्षिण फ्रान्समध्ये १८७५ मध्ये रोपवाटिका स्थापून काटक पांढऱ्या जातींचा रंगीत जातींशी संकर केला आणि थंडीत टिकणारे गुलाबी, तांबडे व पिवळे प्रकार निर्माण केले. १८८९ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. चित्रकार क्लोद मोने यांनी झिव्हेर्नी येथील आपल्या तळ्यासाठी याच रोपवाटिकेतून कुमुदिनी मागविल्या होत्या. शीत प्रदेशांतील तळ्यांत आज दिसणाऱ्या रंगीत कुमुदिनींपैकी अनेक या संकरांपासून आलेल्या आहेत. हिवाळ्यापूर्वी त्यांची पाने छाटून कुंडी तळ्याच्या सर्वांत खोल भागात सरकवतात. मूलक्षोड (जमिनीत आडवे वाढणारे खोड) बर्फाच्या थराखाली राहिले, की वसंत ऋतूत त्यास पुन्हा अंकुर फुटतात. तळे तळापर्यंत गोठण्याचा संभव असल्यास कुंड्या बाहेर काढून ओल्या कापडात गुंडाळतात व न गोठणाऱ्या थंड तळघरात ठेवतात.

कमळ उष्ण प्रदेशातील समजले जात असले, तरी ते बरेच काटक आहे. काश्मीरमधील दल व वुलर सरोवरांत ते कडक हिवाळ्यातही गाळाखाली टिकून राहते. ‘नदरू’ या नावाने भाजीसाठी विकले जाणारे त्याचे मूलक्षोड तेथे हिवाळ्यातही काढले जाते. उत्तर अमेरिकेतील पिवळे कमळ (नेलंबो लूटिया) कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या दक्षिण भागापर्यंत आढळते. मात्र मूलक्षोड प्रत्यक्ष गोठल्यास कमळ मरते. म्हणून त्याचीही कुंडी खोल पाण्यात ठेवावी लागते. याउलट भारतातील निळी कुमुदिनी (निंफिया नौचाली) व तिच्यासारख्या उष्णकटिबंधीय जाती उघड्यावर टिकत नाहीत. पाने मरू लागताच त्यांचे लहान कंद काढून, धुऊन, ओलसर वाळूत सु. १०° ते १३° से. तापमानात साठवतात व तळ्यातील पाणी २१° से.च्या आसपास पोहोचल्यावर पुन्हा लावतात.

काठावरच्या वनस्पतींपैकी पाणकणीस, पिवळा आयरिस व वेखंड या काटक आहेत. महाराष्ट्रात औषधी म्हणून परिचित असलेले वेखंड (ॲकोरस कॅलॅमस) कॅनडातील व उत्तर यूरोपातील दलदलींतही वाढते. पाण्यात बुडून वाढणाऱ्या व तरंगणाऱ्या काही वनस्पती वेगळीच युक्ती योजतात. दिवस लहान होऊन पाणी थंड होऊ लागले, की त्यांच्या शेंड्यांवर किंवा कडांवर स्टार्चने भरलेल्या घट्ट हिवाळी कळ्या तयार होतात. उरलेली वनस्पती कुजून जाते. कळ्या तळाशी जाऊन गाळात सुप्त राहतात व वसंतात पुन्हा वर येऊन वाढू लागतात. गेळ्याची वनस्पती (युट्रिक्युलॅरिया), मिरिओफायलमच्या काही जाती व मोठे टिकलीगवत (स्पायरोडेला पॉलिऱ्हायझा) यांत हा प्रकार आढळतो. असे तळे डिसेंबरात निर्जीव भासले, तरी त्याची पुढील वर्षाची वाढ गाळात सुरक्षित असते. सरसकट गाळ उपसणाऱ्याच्या हातून तीच नष्ट होते.

जलपर्णी व गोंडाळ या तरंगत्या वनस्पती कडक गोठणाने मरतात. त्या कुजण्यापूर्वी काढून त्यांचे खत करतात. महाराष्ट्रात मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांना जलपर्णीचा विळखा पडतो. शीत प्रदेशात तिला हिवाळाच आवर घालतो. मात्र सौम्य हिवाळ्याच्या भागात ती जगून पसरण्याचा धोका असल्यामुळे यूरोपीय संघाने २०१६ मध्ये तिचा आक्रमक परकीय जातींच्या यादीत समावेश करून तिची विक्री व लागवड निषिद्ध केली. तळ्यातील कोणतीही वनस्पती नैसर्गिक जलप्रवाहात टाकणे सर्वत्र अनिष्ट समजले जाते.

मासे व इतर प्राणी : मासे शीतरक्ताचे असल्यामुळे थंडीत त्यांचा चयापचय मंदावतो. पाणी सु. १०° से.च्या खाली गेल्यावर त्यांना खाद्य देणे बंद करतात; अन्न नीट पचत नाही व न खाल्लेले खाद्य कुजून प्राणवायू खाते. सोनमासा (गोल्डफिश) प्राणवायूचा तुटवडा असामान्य प्रकारे सोसतो. प्राणवायूविना होणाऱ्या चयापचयात तयार होणारे लॅक्टिक अम्ल शरीरात साचू न देता तो त्यापासून एथिल अल्कोहॉल बनवतो व ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. कॅनडातील शूब्रिज व होचाच्का या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये हे दाखवून दिले. कोई या रंगीत कार्प माशाची प्राणवायूविना तग धरण्याची क्षमता मात्र पुष्कळच कमी असते. कोईचे मूळ पैदासक्षेत्र असलेल्या जपानच्या नीगाता विभागात जोरदार हिमवृष्टी होते. तेथे डोंगरउतारावरील तळ्यांतून शरद ऋतूतच मासे काढून त्यांना आच्छादित हौदांत हलवतात. उत्तर अमेरिकेतील हिरवा बेडूक, बुल बेडूक इ. जाती तळाशी पडून त्वचेवाटे श्वसन करीत हिवाळा काढतात. प्राणवायू संपल्यास त्याही मरतात. वसंतारंभी तळ्यात मेलेले बेडूक दिसणे हे बहुधा गाळ व पालापाचोळा फार झाल्याचे लक्षण असते.

बर्फातील झरोका : साधारण तळ्यास सु. ३० सेंमी. व्यासाचे एक भोक पुरते. त्यासाठी तापमान-नियंत्रक बसवलेला तरंगता विद्युत् तापक वापरतात. त्याचे काम सर्व पाणी तापविण्याचे नसून भोवतीचा भाग न गोठू देण्याचे असते. हवेचा पंप व बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड यांचाही उपयोग होतो. मात्र दगड तळाशी न ठेवता मध्यम खोलीवर ठेवतात. तळाशी ठेवल्यास वरचे थंड पाणी खाली मिसळून ४° से.चा उबदार थर मोडतो. वीज बंद पडून झरोका गोठल्यास कढत पाण्याचे भांडे बर्फावर ठेवून तो वितळवतात. घणाने बर्फ फोडू नये. आघाताच्या लहरी पाण्यातून पसरून माशांना इजा होते. मीठ किंवा मोटारीतील गोठणरोधी द्रव वापरणेही वर्ज्य आहे. मीठ वनस्पतींना घातक आहे आणि अशा द्रवातील एथिलीन ग्लायकॉल प्राण्यांना विषारी असते. बर्फावरील हिम वरचेवर झाडून काही भाग मोकळा ठेवल्यास प्रकाश आत जातो. मात्र अशा बर्फावर चालणे धोक्याचे असते.

बांधकाम व साधने : गोठताना पाण्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते. उभ्या भिंतींच्या काँक्रीट तळ्यांना या दाबाने तडे जातात. भिंती बाहेरच्या बाजूस कललेल्या असल्यास बर्फ वर सरकते व दाब कमी होतो. लवचिक रबरी अस्तराच्या तळ्यांना हा धोका कमी असतो. पंप, गाळणी व नळ यांतील पाणी काढून ती घरात ठेवतात. धबधबा चालू ठेवल्यास त्याच्या मार्गात बर्फाचे बांध तयार होऊन पाणी बाहेर वळते आणि तळे रिकामे होऊ शकते. शिवाय सतत हवेशी संपर्क आल्याने पाणी अधिक थंड होते.

वसंत ऋतूतील उपाययोजना : बर्फ वितळल्यावरही धोका लगेच संपत नाही. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या माशांची रोगप्रतिकारक्षमता थंड पाण्यात मंद असते व वाढत्या तापमानाबरोबर रोगकारक जंतू आधी सक्रिय होतात. म्हणून पाण्याचा काही भाग बदलून, गाळणी सुरू करून, तापमान १०° से.च्या वर स्थिरावल्यावरच थोडे थोडे खाद्य देऊ लागतात. कुमुदिनीच्या कुंड्या हळूहळू उथळ पाण्यात आणतात व दाटलेल्या मूलक्षोडांची विभागणी करून ती पुन्हा लावतात. ज्या तळ्यात शरद ऋतूत पालापाचोळा काढला गेला, पुरेशी खोली राखली गेली व झरोका उघडा राहिला, त्यातील वनस्पती व प्राणी बहुधा विशेष हानी न होता नव्या हंगामात वाढू लागतात.