पदपथावरची सायकल

गेल्या मार्गशीर्षातील एका सकाळी आमच्या वडील भगिनी, ज्यांस सारे घर आक्का म्हणते, मंडईतून भाजी घेऊन पदपथाने परत येत होत्या. पाठीमागून सायकलची घंटी वाजली. आक्कांचे वय अठ्ठ्याहत्तर, एका कानाने ऐकू कमी येते. घंटी कोणत्या बाजूची हे उमगण्यापूर्वीच त्या दचकून बाजूला सरल्या, आणि सरल्या त्या नेमक्या सायकलच्या वाटेत. मनगटाचे हाड मोडले. सायकलवरचा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल. तो पळून गेला नाही. सांडलेली भाजी त्याने गोळा केली, रिक्षा बोलाविली व आक्कांस घरापर्यंत आणून पोहोचविले. दारात उभा राहून तो रडवेल्या स्वरात म्हणाला, "आजी, रस्त्यावर बसगाड्या अगदी अंगावर येतात हो, म्हणून मी वरून जात होतो." त्यास चार शब्द सुनवावे असे आमच्या मनात होते, परंतु ते राहून गेले; कारण तेथेच उभा असलेला आमचा नातू एकाएकी खाली मान घालून आपल्या सायकलच्या कुलपाशी चाळा करू लागला होता.

रात्री जेवणे आटोपल्यावर त्यास जवळ बसवून विचारले, तेव्हा त्याने खरे सांगितले. शाळेच्या वाटेवरील पुलापासून चौकापर्यंतचा तुकडा तोही रोज पदपथावरूनच काढतो. "आजोबा, सगळीच मुले तशी जातात." आम्ही काही बोलण्यापूर्वीच सूनबाई म्हणाल्या, "बाबा, उद्यापासून त्याला रस्त्याने जा म्हणून तुम्ही सांगाल का? सांगत असाल तर मी काही बोलत नाही." छत्तीस वर्षे वर्गात प्रश्न विचारण्याचे काम आम्ही केले, परंतु उत्तर न सुचण्याचा प्रसंग आपल्याच माजघरात यावा, ही मौज निराळी.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू म्हणून आम्ही शोध घेतला. 1951 चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्यास आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे नाव आहे, त्यातील कलम 103 पदपथाविषयीच आहे. बाबागाडी वगळून कोणतेही वाहन वा जनावर पदपथावर हाकू नये, त्यावर स्वार होऊन जाऊ नये, ते धरून नेऊ नये, ढकलू नये आणि तेथे सोडूनही ठेवू नये, असा त्याचा आशय. त्याच अधिनियमात वाहन शब्दाची जी व्याख्या केली आहे तीत सायकलचे नाव स्पष्ट घातलेले आहे. म्हणजे केवळ अक्षर धरून बसावयाचे तर सायकलवरून उतरून ती हाताने नेणाराही अपराधीच ठरावयाचा! पुढे 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, निर्वेध पदपथ मिळणे हा पादचाऱ्याच्या, घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय. तेव्हा कायद्याची बाजू निःसंशय आक्कांची.

परंतु त्याच पदपथावर संध्याकाळी उभे राहून पाहावे. सिग्नलला खोळंबलेल्या मोटारसायकली एकापाठोपाठ एक वर चढतात, त्यांस कोणी हटकीत नाही, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या त्या धुडापुढे एका पोराच्या सायकलला गुन्हेगार म्हणताना आपलीच जीभ अडखळते.

आमच्या तारुण्यात हा प्रश्नच नव्हता. 1975 च्या सुमारास पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि ते नाव यथार्थ होते. सकाळी कचेरीच्या वेळी रस्ताभर सायकलीच सायकली. मोटार आली तर तीच बिचारी वाट काढीत जाई. पदपथावर चढण्याचे कारण काय? पोलीस धरीत ते दिवा नाही म्हणून, किंवा मागे मित्रास बसवून डबलसीट चालविली म्हणून. चाकातील हवा सोडून दिल्याची शिक्षा आम्ही स्वतः एकदा भोगली आहे, व घरापर्यंत सायकल ढकलीत नेताना तीर्थरूपांस काय सांगावे याची जुळवाजुळव केली आहे. तीच पिढी पुढे स्कूटरवर बसली, नंतर मोटारीत बसली. आणि आता तिचीच नातवंडे सायकल घेऊन रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभी आहेत. मुले बिघडली असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्या पायाखालचा रस्ता आम्हीच काढून घेतला.

दुसऱ्या देशांतही ही ओढाताण आहे, व तिचा उलगडा प्रत्येकाने आपापल्या परीने केला आहे. इंग्लंडात पदपथावर गाडी नेण्यास मनाई करणारे कलम 1835 च्या कायद्यात आहे. त्या वेळी पायडलची सायकल जन्मासही आली नव्हती. पुढे ती आली, तेव्हा ती गाडी की काय असा वाद पडला. 1879 साली न्यायालयाने एका खटल्यात ती गाडीच होय असे ठरविले, व 1888 साली पार्लमेंटने तसा निर्वाळा कायद्यातच घातला. ते कलम आजही लागू आहे. 1999 साली त्याखाली जागच्या जागी दंड करण्याचा अधिकार पोलिसांस देण्यात आला, तेव्हा गृहखात्याचे मंत्री पॉल बोटेंग यांनी एक खुलासा केला, तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. रहदारीच्या भयाने क्वचित पदपथावर येणारा व तेथील लोकांची बूज राखणारा जबाबदार स्वार, विशेषतः लहान मूल, हा या दंडाचा रोख नव्हे, असा त्याचा भाव होता.

जर्मनीने वयाचीच रेघ आखली. आठ वर्षे पुरी होईपर्यंत मुलाने पदपथावरूनच सायकल चालवावी, दहा पुरी होईपर्यंत वाटल्यास चालवावी, आणि रस्ता ओलांडताना खाली उतरावे. लहान मुलासोबत सोळा वर्षांवरील एका माणसासही तेथून जाण्याची मुभा 2016 पासून आहे. जपानात तेरा वर्षांखालील मुले व सत्तर वर्षांवरील वृद्ध यांस पदपथ खुला आहे. मात्र सायकल रस्त्याकडील अंगाने व अगदी सावकाश न्यावी, आणि पादचाऱ्यास अडथळा होत असेल तर थांबावे. शिवाय पादचाऱ्यांनी बाजूस व्हावे म्हणून घंटी वाजविणे तेथे नियमास सोडून आहे. हे वाचले तेव्हा आम्हांस आक्कांची ती सकाळ आठवली. ती घंटी वाजली नसती, मुलगा नुसता हळू होऊन मागे थांबला असता, तर आज मनगट शाबूत असते.

वाट कोणी कोणास द्यावी याचा विचार आपल्याकडे जुना आहे. मनुस्मृतीतील बहुतेक सामाजिक नियम आज आम्ही प्रमाण मानीत नाही व कोणी मानूही नये. परंतु वाट कोणास द्यावी याची जी यादी दुसऱ्या अध्यायात आहे ती पाहण्यासारखी आहे. तीत नव्वदी उलटलेला वृद्ध आहे, रोगी आहे, ओझे वाहणारा आहे, स्त्री आहे. आणि आरंभीच 'चक्री', म्हणजे चाकांच्या गाडीतून जाणारा आहे! नातवास हे सांगितले मात्र, तो लगेच टाळी वाजवून म्हणाला, "म्हणजे आजोबा, आक्काआजीनेच मला वाट द्यायची." आम्ही त्यास विचारले, गाडीवानास वाट का द्यावी? बैलगाडी चाकोरीतून सहज निघत नाही, वळत नाही, एकदम थांबत नाही, म्हणून. ज्यास थांबता येते त्याने थांबावे, हे त्याच्या मुळाशी आहे. तुझ्या सायकलला दोन ब्रेक आहेत; आक्कांच्या गुडघ्यांना एकही नाही. यावर तो हसला, पण पुढे वाद घातला नाही.

आमचे मत आता सांगतो. भयाने पदपथावर चढलेला सायकलस्वार रस्त्यावर दुर्बळ असतो, यात शंका नाही. पण कठड्यावर चाक चढले की तोच तेथील सर्वांत बलवान होतो, हे त्याच्या ध्यानात राहत नाही. बसगाडीला भिऊन तो वर येऊ शकला. त्याला भिऊन आक्कांनी कोठे जावे? पुढे भिंतच असते. म्हणून दहा वर्षांखालील पोराने पालकांसोबत हळूहळू जावे, यास आमची हरकत नाही, कायद्याचे अक्षर काही म्हणो. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाने मात्र तेथे उतरावे व सायकल हातात धरून चालावे. तेही कलमात बसत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु चालणाऱ्याच्या गतीने चालणाऱ्याचा राग कोणास येत नाही. पायडलवर पाय ठेवून, एका पायाने जमीन ढकलीत जाणे, ही जी एक पळवाट मुलांनी काढली आहे, तीस आम्ही उतरणे म्हणत नाही. आणि घराच्या फाटकातून वा दुकानाच्या पायरीवरून कोणी एकदम बाहेर पडेल, हे भिंतीकडून जाणाऱ्याने कायम गृहीत धरावे.

घरात असे ठरले की, नातवाने मागील गल्लीने जावे. वाट लांबची आहे, सात-आठ मिनिटे अधिक लागतात, म्हणून सूनबाई त्याचा डबा तेवढ्या आधी भरून ठेवतात. पुलाला मात्र दुसरी वाट नाही; तेथे उतरून चालावयाचे. महिनाभर हे नीट चालले. परवा परीक्षेच्या दिवशी उशीर झाला, तेव्हा पुलावरून सायकलवर बसूनच गेलो, असे त्याने आपण होऊन सांगितले. "कोणी होते का रे पुढे?" असे आक्कांनी विचारले. "एक आजोबा होते, म्हणून त्यांच्या मागून उतरून चाललो. पेपरला पाच मिनिटे उशीर झाला." आक्कांनी प्लास्टर काढलेला हात त्याच्या पाठीवरून फिरविला आणि पेपर कसा गेला ते विचारले.