एका नावाची मोजणी



गेल्या वर्षीची गोष्ट. बारावीच्या वर्गात मी विजेची मोटर शिकवून संपवली होती. डोक्यावर पंखा गरगरत होता. तास संपायला पाच मिनिटे होती, म्हणून मी सहज विचारले, "विजेवर चालणारा टेबलपंखा पहिल्यांदा कोणी केला, ठाऊक आहे का?" कोणालाच ठाऊक नव्हते. मी त्या इंजिनिअरचे नाव फळ्यावर इंग्रजीत लिहिले आणि पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याला वाचायला सांगितले. तो अडखळला. "शू... शूयलर व्हीलर?" वर्गात हशा पिकला.

हसण्यासारखे काही नव्हते. स्पेलिंगच तसे होते : एस-सी-एच-यू-वाय-एल-ई-आर. त्याचा उच्चार आहे 'स्कायलर'. स्कायलर व्हीलर (१८६०–१९२३) हा अमेरिकन इंजिनिअर. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले. त्याच सुमारास, विशीतल्या या तरुणाने छोट्या मोटरच्या आसाला दोन पाती बसवली आणि मेजावर ठेवायचा पंखा तयार केला.

इथवर ठीक होते. पण पुढे मी एक वाक्य ठोकून दिले, "हे नाव इतके दुर्मिळ आहे, की तुम्हांला ते पुन्हा ऐकायला मिळायचे नाही!"

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, माझी मावसबहीण न्यू जर्सीला शाळेत जाते. तिच्या वर्गात स्कायलर नावाच्या दोन मुली आहेत."

एका वर्गात दोन! मग नाव दुर्मिळ कसे? बरे, मी ज्या तक्त्यात पाहिले होते तो तक्ताही काही खोटा नव्हता. चूक कोठे झाली याचा शोध घेताना मला जे सापडले, ते तुमच्यापुढे ठेवतो. गोष्ट नावाची आहे, पण धडा मात्र विज्ञानाचा आहे.

वलंदेजांच्या वसाहतीत

हेन्री हडसन हा इंग्रज दर्यावर्दी १६०९ साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होता. आशियाकडे जाण्याची जवळची वाट शोधता शोधता तो उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या नदीत शिरला. ती आजची हडसन नदी. तिच्या काठी डचांनी वसाहत उभारली आणि तिला 'न्यू नेदरलँड' असे नाव दिले. १६२४ मध्ये त्यांनी जेथे किल्ला बांधला, तेथे आज ऑल्बनी हे शहर आहे. बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांचा व्यापार हा तिथला मुख्य धंदा.

याच शतकात डचांची एक वखार आपल्या कोकणात वेंगुर्ल्यालाही होती. मराठी कागदपत्रांत ज्यांना 'वलंदेज' म्हटले आहे, तेच हे लोक.

ऑल्बनीच्या त्या वसाहतीत ॲमस्टरडॅमहून फिलिप पीटर्स स्कायलर नावाचा तरुण आला. १६५० साली त्याचे तेथे लग्न झाले आणि घराणे वाढले. १६६४ मध्ये इंग्रजांनी वसाहत घेतली व तिचे नाव न्यूयॉर्क ठेवले. राज्य बदलले, तरी डच घराणी आणि त्यांची आडनावे तेथेच राहिली. फिलिपचा मुलगा पीटर हा १६८६ मध्ये ऑल्बनीचा पहिला महापौर झाला. पुढे याच घराण्यातला फिलिप स्कायलर (१७३३–१८०४) अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात सेनापती होता. त्याची मुलगी एलिझाबेथ हिने १७८० मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनशी लग्न केले. हा हॅमिल्टन पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला.

म्हणजे 'स्कायलर' हे मुळात आडनाव. मग ते नाव कसे झाले?

माहेरचे आडनाव

याचे एक चांगले उदाहरण कोलफॅक्स घराण्यात सापडते. विल्यम कोलफॅक्स या लष्करी अधिकाऱ्याची पत्नी हेस्टर ही माहेरची स्कायलर. त्यांनी आपल्या एका मुलाचे नाव आईच्या माहेरच्या आडनावावरून ठेवले : स्कायलर कोलफॅक्स. हा स्कायलर तरुणपणीच क्षयाने वारला. त्यानंतर काही महिन्यांनी, १८२३ मध्ये, त्याची पत्नी बाळंत झाली. बापाचे तोंडही न पाहिलेल्या त्या मुलाला बापाचेच नाव देण्यात आले. हा दुसरा स्कायलर कोलफॅक्स १८६९ ते १८७३ या काळात अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता.

पाहा, लग्नानंतर बाईचे आडनाव मागे पडले, पण मुलाचे नाव होऊन ते पुन्हा पुढे आले. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत ही चाल जुनी आहे. पुढे उपराष्ट्राध्यक्षाचे नाव नकाशावरही गेले. नेब्रास्का राज्यात कोलफॅक्स नावाचा परगणा आहे आणि त्याचे मुख्य गाव स्कायलर! एकाच माणसाचे आडनाव परगण्याला आणि नाव गावाला.

कान आणि लेखणी

आता त्या विचित्र स्पेलिंगकडे वळू. जर्मन भाषेत एस-सी-एच ही अक्षरे 'श' अशी वाचतात. आमच्या विद्यार्थ्याने नेमके तेच केले. पण डच भाषेत शब्दाच्या आरंभी त्यांचा उच्चार 'स्ख' असा होतो आणि त्यातला 'ख' घसा खरवडून काढावा लागतो. पुढचा स्वरही अवघड, आपल्या 'आय' आणि 'आउ' यांच्या मधला कोठला तरी. इंग्रजी जिभेला हे दोन्ही जमेनात. तिने 'स्ख'चा 'स्क' केला आणि स्वराचा सरळ 'आय' करून टाकला.

नावांच्या कोशांत 'स्कायलर'चा अर्थ 'विद्वान' किंवा 'विद्यार्थी' असा दिलेला असतो. मात्र डच भाषेत 'आडोसा घेणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्याचा ध्वनी या नावाला अधिक जवळचा आहे. म्हणून कोशातला अर्थही डोळे मिटून घेऊ नये.

नावाचा उच्चार सोपा झाला, पण स्पेलिंग अवघडच राहिले. ऐकणाऱ्याला ते लिहिता येईना आणि वाचणाऱ्याला ते उच्चारता येईना. मग लोकांनी कानाला ऐकू आले तसे लिहायला सुरुवात केली : एस-के-वाय-एल-ई-आर. कोणी शेवटी ई-आर ऐवजी ए-आर लिहिले. या नव्या रूपाच्या आरंभीची तीन अक्षरे पाहिलीत का? एस-के-वाय म्हणजे इंग्रजीत 'स्काय', आकाश! डच घराण्याचा मागमूसही उरला नाही आणि आईबापांना नावात निळे आकाश दिसू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही नवी स्पेलिंगे झपाट्याने पसरली. पूर्वी बहुधा मुलांचे असलेले हे नाव मुलींनाही देऊ लागले. २०१० नंतरच्या दशकात ए-आरने संपणारे रूप अमेरिकेतल्या मुलींच्या पहिल्या शंभर नावांत जाऊन बसले. जुने डच स्पेलिंग मात्र कोपऱ्यातच राहिले.

आता माझी चूक तुमच्या ध्यानात आली असेल. मी तक्त्यात फक्त जुने स्पेलिंग शोधले होते. ते दुर्मिळ आहे, यात शंका नाही. पण मी वर्गात बोललो ते नावाबद्दल, स्पेलिंगबद्दल नव्हे! आणि गंमत अशी, की देवनागरीत ही तिन्ही रूपे आपण एकच लिहितो : स्कायलर. आमच्या विद्यार्थिनीने कानाने ऐकले आणि मी डोळ्यांनी मोजले. तिचे बरोबर होते.

तक्ता काय सांगतो, काय सांगत नाही

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाने १८८० पासून जन्मलेल्यांच्या नावांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. ते फार उपयोगी आहेत, पण वापरण्यापूर्वी त्यांचे नियम वाचावे लागतात.

पहिला नियम : प्रत्येक स्पेलिंग वेगळे मोजतात. मुलगे व मुलीही वेगळे मोजतात. म्हणजे तीन स्पेलिंगांचे आपले एक नाव सहा ओळींत विखुरते.

दुसरा नियम : एखाद्या वर्षी एखादे नाव पाचांपेक्षा कमी मुलांना दिले असेल, तर ते तक्त्यात घालत नाहीत. त्या कुटुंबांचे खासगीपण जपण्यासाठी ही काळजी घेतात. म्हणून तक्त्यात नाव नाही याचा अर्थ ते कोणाचेच नाही, असा होत नाही. चार मुले असू शकतात.

तिसरी गोष्ट : हा विभाग ज्या कायद्याने निघाला, तो कायदाच १९३५ सालचा. त्यापूर्वी जन्मलेल्यांपैकी ज्यांनी पुढे विभागाचा क्रमांक घेतला, त्यांचीच मोजणी झाली. म्हणून जुन्या वर्षांचे आकडे अपुरे आहेत.

भौतिकशास्त्रातही हेच असते. मोजपट्टीवर एक मिलिमीटरच्याच खुणा असतील, तर तिने केसाची जाडी मोजता येत नाही. म्हणून केसाला जाडीच नाही, असे आपण म्हणतो का? उपकरणाची मर्यादा ही वस्तूची मर्यादा नव्हे.

नऊ आणि नऊशे

दुर्मिळ नावांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. समजा, एखादे नाव एका वर्षी ९ मुलांना दिले आणि पुढल्या वर्षी १२ मुलांना. "लोकप्रियता एका वर्षात ३३ टक्क्यांनी वाढली!" असा मथळा लगेच देता येईल. तो खरा मानावा का?

प्रयोगशाळेत किरणोत्सारी पदार्थाचे कण मोजताना आम्ही एक साधा नियम वापरतो. आपोआप होणाऱ्या आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या घटना मोजल्या, तर मोजलेल्या संख्येत तिच्या वर्गमुळाइतका चढउतार निव्वळ योगायोगाने होऊ शकतो. ९ चे वर्गमूळ ३. तेव्हा ९ चे १२ होणे किंवा ६ होणे यात विशेष काही नाही. आता ९०० घ्या. त्याचे वर्गमूळ ३०, म्हणजे सुमारे ३ टक्केच. ९०० चे १२०० झाले, तर मात्र खरोखरच काही तरी घडले आहे असे समजावे आणि कारण शोधावे. दोन्हीकडे वाढ ३३ टक्केच आहे, पण पहिली वाऱ्याची झुळूक आणि दुसरी ऋतू बदलल्याची खूण.

नावे म्हणजे काही अणू नव्हेत. आईबाप शेजाऱ्यांचे पाहतात, नाटक-सिनेमा पाहतात. म्हणून नावांतला चढउतार वर्गमुळापेक्षा अधिकच असू शकतो, आणि तेवढ्यासाठी छोट्या आकड्यांवरून निष्कर्ष काढताना दुप्पट सावध असावे.

तुम्ही करून पाहा

हा प्रयोग करायला अमेरिकेला जायला नको. आपल्या शिक्षकांच्या परवानगीने शाळेच्या हजेरीपटांतील फक्त पहिली नावे उतरवून घ्या. आडनावे नकोत. मग कोणते नाव किती वेळा आले ते मोजा.

थोड्याच वेळात अडचण येईल. एका पटात 'मनीषा' लिहिले असेल, दुसऱ्यात 'मनिषा'. ही दोन नावे की एक? 'श्रद्धा' आणि 'श्रध्दा'? 'सायली' आणि 'सायलि'? दोन गट करा. एका गटाने लिहिल्याप्रमाणे मोजावे, दुसऱ्याने उच्चाराप्रमाणे. दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि कोणते नाव 'दुर्मिळ' ठरते ते पाहा. जो नियम वापराल तो यादीच्या डोक्यावर आधी लिहा. आकडे पाहून मागाहून नियम बदलायचा नाही, बरे का!

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गापुढे बोलावले आणि फळ्यावर तिन्ही स्पेलिंगे तिच्याकडूनच लिहवून घेतली. खाली मी एक वाक्य लिहिले : 'किती आहेत हे मोजण्यापूर्वी, एक कशाला म्हणायचे ते ठरवा.' मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. मीही घेतले.