लिहून ठेवलेली शांतता

नवीन घरात सामान लावायच्या आधी कधी टाळी वाजवून बघितलीय? आवाज घुमतो. गाद्या, पडदे आले की तीच टाळी कोरडी वाटते. उमरेडच्या कुठल्याही घरात करता येणारा हा प्रयोग आंतोन ब्रुकनरची एक प्रार्थना समजायला पुरेसा आहे.

तिचं नाव 'लोकुस इस्ते', म्हणजे 'ही जागा'. ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये नवं कॅथेड्रल बांधलं जात होतं. त्यातल्या एका प्रार्थनागृहाच्या उद्घाटनासाठी ब्रुकनरने ती १८६९ मध्ये रचली. चार आवाज, वाद्य एकही नाही, जेमतेम तीन मिनिटं.

शेवटाकडे सगळे गायक एकदम थांबतात. मोबाइलवर ऐकताना वाटतं, नेट अडकलं की काय! पण दगडी चर्चमध्ये ती शांतता रिकामी नसते. दगड आवाज फारसा शोषत नाही, परतवत राहतो. यालाच निनाद म्हणतात. गायक थांबले तरी सूर हवेत विरत असतो.

आवाजाची ऊर्जा दहा लाखांश व्हायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. वॉलेस सॅबिनने १८९० च्या दशकात हार्वर्डमध्ये खुर्च्यांच्या गाद्या आतबाहेर करून त्याचा नियम शोधला: जागा मोठी तर निनाद लांब, शोषण जास्त तर आखूड. ब्रुकनरकडे हे सूत्र नव्हतं. पण तो चर्चचा ऑर्गनवादक होता. त्याचे कान तयार होते.

म्हणूनच गालिचा अंथरलेल्या हॉलमध्ये सूर बरोबर लागूनही ही रचना अपुरी वाटते. ऐकाल तेव्हा चर्चमधलं रेकॉर्डिंग निवडा, आणि त्या थांब्याला आवाज वाढवू नका. नुसतं ऐका.