गादी राहू दे, कारभार आमचा!

राजेशाही नको म्हणणारा तो प्रजासत्ताकवादी. इंग्रजीत त्याला रिपब्लिकन म्हणतात. आपल्याकडे मात्र रिपब्लिकन म्हटलं की १९५७ साली स्थापन झालेला आंबेडकरी पक्षच डोळ्यांसमोर येतो.

शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानात १९३९ मध्ये माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदींनी प्रजापरिषद उभारली. मागणी जबाबदार राज्यपद्धतीची: राजा गादीवर राहील, पण कारभारी लोकांना जाब देतील. म्हणजे सुरुवातीचे परिषदवाले काटेकोर अर्थाने प्रजासत्ताकवादी नव्हेतच. बागल तर पक्के शाहूभक्त!

रत्नाप्पा पुढे संविधान सभेत गेले. मार्च १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

२०२४ मध्ये त्याच राजघराण्यातले शाहू छत्रपती कोल्हापूरचे खासदार झाले, तेही रीतसर मतं मागून.